म्हैसूरच्या राण्या आणि देवीचे वण

स्त्रीच्या चेहऱ्याकडे समाज ज्या बारकाईने पाहतो, त्या बारकाईने तो दुसऱ्या कशाकडेही पाहत नसेल. कपाळावरचा एखादा डाग, गालावर उतरलेले वांग, हनुवटीवरची मुरुमे, ओठांभोवतीचा काळसरपणा यांपैकी एकही गोष्ट जिवाला अपाय करणारी नाही. तरी तिच्यापायी किती घरांत किती चिंता वाहिली गेली असेल याची गणती नाही. या सर्व विकारांवर आज उपचार आहेत, निदान त्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत. परंतु दोनशे वर्षांपूर्वी चेहऱ्याच्या त्वचेचा जो विकार घरोघर दिसे, त्याच्यापुढे हे सारे किरकोळ ठरावेत. तो विकार म्हणजे देवीचे वण. या वणांशी जोडलेले एक चित्र म्हैसूरच्या इतिहासात आहे, आणि त्या चित्रातील तीन स्त्रियांची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम त्या रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. मराठीत त्या रोगाला ‘देवी’ एवढेच नाव पडले. रोग झाला म्हणजे ‘देवी आल्या’ म्हणावयाचे, आणि त्याची लस टोचली म्हणजे ‘देवी काढल्या’ म्हणावयाचे. रोग आणि त्याचा प्रतिबंध यांना एकच शब्द लावणारी आपली भाषा त्या काळच्या माणसाच्या मनाची खूण पटविते. आलेल्या देवीला रोग म्हणून हाकलणे शक्य नव्हते. तिचा कोप होऊ नये म्हणून तिला मानाने वागवावे लागे. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, घरात फोडणीचा वास निघू देत नसत, परक्या माणसाला आत येऊ देत नसत. कर्नाटकात या रोगाला ‘सिडुबु’ म्हणत, आणि तिथेही तो मारम्मा देवीचा संचार मानला जाई.

या रोगाच्या उग्र प्रकारात दर शंभर रोग्यांपैकी तीसच्या आसपास दगावत. जे वाचत, त्यांच्यापैकी पासष्ट ते ऐंशी टक्के लोकांच्या त्वचेवर खोल खळगे कायमचे राहत. हे खळगे चेहऱ्यावरच अधिक का पडावेत? त्याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. देवीचे फोड छाती-पोटावर विरळ आणि चेहऱ्यावर व हातापायांच्या टोकांकडे दाट येत. त्यातून चेहऱ्याच्या त्वचेत तेल निर्माण करणाऱ्या स्निग्धग्रंथी पुष्कळ असतात. हा रोग त्या ग्रंथींचाच नाश करी. खपली पडल्यावर खालची त्वचा आकसून आत ओढली जाई आणि खळगा उरे. कित्येकांची दृष्टीही जाई. पुरुषाच्या तोंडावर असे वण असले तरी त्याचे फारसे अडत नसे. मुलीच्या तोंडावर असले म्हणजे मात्र तिच्या विवाहाचा प्रश्न उभा राही, आणि ज्या समाजात विवाहावाचून स्त्रीला दुसरा आधारच ठेवलेला नव्हता, तिथे चेहरा गमावणे म्हणजे जवळजवळ आयुष्य गमावणे होते.

राजघराणीही या नियमाला अपवाद नव्हती. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला १५६२ साली देवी आल्या. तिची शुश्रूषा करणाऱ्या लेडी मेरी सिडनी या सरदारपत्नीला रोग लागला आणि तिचा चेहरा इतका विद्रूप झाला की पुढे ती लोकांसमोर येणे टाळू लागली. त्या काळच्या युरोपातील शेकडो चित्रांत वणांनी भरलेले चेहरे गुळगुळीत रंगविलेले आहेत. धन्याला सुंदर दाखविणे हाच चित्रकाराचा धर्म होता.

आता म्हैसूरकडे वळू. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपू सुलतान पडला. विजयी इंग्रजांनी जुन्या वडियार घराण्यातील पाच वर्षांचा मुलगा, मुम्मडि कृष्णराज म्हणजे तिसरा कृष्णराज, याला ३० जून १७९९ रोजी गादीवर बसविले आणि राजधानी पुन्हा म्हैसूरला आली. या बालराजाचा पिता खास चामराज वडियार १७९६ साली देवीच्या रोगानेच वारला होता. हैदर आणि टिपू यांच्या अमलात हे घराणे नामधारी होऊन राहिले होते, आणि त्या पडत्या काळात घराण्याचा धागा ज्या स्त्रीने चिकाटीने धरून ठेवला ती म्हणजे राजाची आजी, महाराणी लक्ष्मम्मण्णी. राज्याचा प्रत्यक्ष कारभार दिवाण पूर्णय्या पाहत असे. हा माध्व देशस्थ ब्राह्मण टिपूच्या दरबारातही मोठ्या अधिकारावर होता, आणि १८११ पर्यंत म्हैसूरची सूत्रे त्याच्याच हाती राहिली.

अशा घराण्याला सर्वांत मोठी भीती कशाची असणार? मोठ्या प्रयासाने परत आलेली गादी एका फोडाच्या साथीने पुन्हा रिकामी होण्याची. राजा लहान, त्याला भाऊ नाही, पिता देवीनेच गेलेला. त्याचा विवाह लवकर व्हावा, वंश वाढावा, आणि राजा व राण्या या रोगापासून सुरक्षित राहाव्यात, ही काळजी आजीला आणि दिवाणाला सारखीच असली पाहिजे.

देवीपासून बचावाचा एक उपाय आपल्या देशाला पूर्वीपासून ठाऊक होता. ज्याला सौम्य देवी आल्या आहेत त्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या शरीरात मुद्दाम घालावयाचे, म्हणजे त्याला सौम्य रोग होऊन पुढे तो त्यापासून मुक्त राही. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ साली बंगालमधील या पद्धतीचे वर्णन लिहून ठेवले आहे. साथीच्या ऋतूच्या आधी ब्राह्मण टोचणारे गावोगाव फिरत, आदल्या वर्षीच्या फोडांचे जपून ठेवलेले द्रव्य गंगाजलाने ओले करून दंडावरच्या बारीक जखमेत बसवीत, आणि पथ्यपाण्याचे कडक नियम घालून देत. चीनमध्ये खपल्यांची पूड करून ती नळीने नाकात फुंकण्याची रीत होती. तुर्कस्तानातील वृद्ध स्त्रिया हेच काम सुईने करीत.

तुर्कस्तानातील ही रीत युरोपला ठाऊक करून देण्याचे श्रेय ज्या स्त्रीला दिले जाते, तिची प्रेरणा काय होती हे पाहण्यासारखे आहे. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही लंडनमधील नावाजलेली सुंदरी. तिचा भाऊ १७१३ साली देवीने गेला. १७१५ साली तिला स्वतःला देवी आल्या. ती वाचली, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले. पुढे पती वकील म्हणून तुर्कस्तानात गेला असता तिने तिथली पद्धत पाहिली, १७१८ साली आपल्या मुलाला आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीला टोचून घेतले. आपल्या चेहऱ्यावर जे गुदरले ते मुलांच्या चेहऱ्यावर येऊ नये, या भावनेचा तिच्या निर्धारात वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

परंतु या उपायात दोन मोठे धोके होते. टोचलेल्यांपैकी शंभरात एखाददुसरा दगावे. आणि टोचलेल्या माणसाचा रोग खरोखरीचा असल्यामुळे त्याच्यापासून भोवतालच्या लोकांना देवी येत. स्वतःला वाचविताना शेजाऱ्याला संकटात घालणारा हा उपाय होता. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्लंडमधील खेडेगावच्या वैद्याने दुसरा मार्ग शोधला. गाईच्या सडांवर येणाऱ्या सौम्य फोडांची लागण झालेल्या गवळणींना माणसांच्या देवी येत नाहीत, ही लोकसमजूत त्याने कसोटीला लावली. सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील लस त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीचे द्रव्य टोचले, तेव्हा त्याला रोग झाला नाही. १७९८ साली जेन्नरने आपले पुस्तक प्रसिद्ध केले. या लशीने मनुष्य बहुधा दगावत नसे, शेजाऱ्याला रोग लागत नसे, आणि वण राहिलाच तर तो दंडावर, वस्त्राखाली राहत असे.

ही लस हिंदुस्थानात कशी आली, त्या प्रवासात मुंबईचा भाग मोठा आहे. उष्ण हवेत लस लवकर निकामी होई. काचेत मिटलेली, दोऱ्यावर वाळविलेली लस लांबच्या प्रवासात कुचकामी ठरे. तेव्हा एकच मार्ग उरला: एका मुलाला टोचावयाचे, आठव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या फोडातील लस दुसऱ्याला द्यावयाची, आणि अशा रीतीने एका दंडावरून दुसऱ्या दंडावर ती जिवंत पुढे न्यावयाची. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे टप्पे घेत ती मुंबईस पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि लागू पडली. हिंदुस्थानात यशस्वी रीतीने लस घेतलेली पहिली व्यक्ती ती मुलगी. तिच्या दंडावरील फोडापासून मुंबईतील आणखी मुलांना लस मिळाली, आणि तेथून ती साखळीने हैदराबाद, मलबारचा किनारा, मद्रास अशी दक्षिणेत पसरली. म्हैसूरच्या राजवाड्यापर्यंत पोचलेली लस याच साखळीतील होती.

लस आली तरी ती घेण्यास लोक तयार नव्हते, आणि त्यांच्या नाखुशीला त्यांच्या दृष्टीने कारणे होती. कोण जाणे कोणत्या जातीच्या, कोणत्या घरच्या मुलाच्या अंगातील पू आपल्या मुलाच्या अंगात घालावयाचा, ही कल्पना सोवळ्याओवळ्याच्या समाजाला सहन होण्यासारखी नव्हती. परंपरेने टोचणाऱ्यांची उपजीविका बुडणार होती. देवीचा कोप होईल हे भय होतेच. शिवाय हे सारे घेऊन येणारा होता नुकताच राज्यकर्ता झालेला परका. त्याच्या हातातील सुईवर विश्वास ठेवावयाचा कोणी? अशा वेळी शंभर जाहीरनाम्यांपेक्षा एका राणीचा दंड अधिक बोलका ठरतो.

१८०५ साली बालराजाचा विवाह झाला. वधूचे नाव देवाजम्मण्णी. राजा आणि वधू दोघेही आजच्या हिशेबाने मुलेच होती, वये अकरा-बारा वर्षांच्या आसपास. आणि त्याच सुमाराचे, टॉमस हिकी या आयरिश चित्रकाराचे मानले जाणारे एक मोठे तैलचित्र आज उपलब्ध आहे. हा हिकी श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर टिपूच्या मुलांची आणि दरबारातील मंडळींची चित्रे काढून प्रसिद्धीस आला होता. पुढे १८२४ साली मद्रासेतच तो वारला. या चित्रात दागिन्यांनी मढलेल्या तीन स्त्रिया आहेत. उजवीकडच्या तरुणीने साडीचा पदर सरकवून आपला डावा दंड उघडा ठेवला आहे आणि बोटाने ती त्याच्याकडे निर्देश करीत आहे.

पुष्कळ काळ या स्त्रिया नर्तकी असाव्यात असेच समजले जात होते. राजघराण्यातील स्त्री परक्या चित्रकारासमोर दंड उघडा टाकून उभी राहील हे कोणाला सुचले नाही. नायजेल चॅन्सेलर या इतिहासकाराने २००१ साली लिहिलेल्या निबंधात वेगळा अर्थ मांडला. त्याच्या मते त्या म्हैसूरच्या राजघराण्यातील स्त्रिया असून, दंडाकडे बोट दाखविणारी ती नववधू देवाजम्मण्णी, आणि जिथे ती बोट दाखविते ती जागा लशीची. जुलै १८०६ च्या कागदांत राणीने लस घेतल्याचा प्रजेवर चांगला परिणाम होऊन लोक टोचून घेण्यास पुढे येऊ लागल्याची नोंद आहे, तिच्याशी हा अर्थ जुळतो. २००७ साली हे चित्र लंडनच्या सॉदबीज या पेढीमार्फत विकले गेले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती डावीकडची स्त्री. ती राजाची पहिली पत्नी असे मानतात, आणि योगायोग असा की तिचेही नाव देवाजम्मण्णीच. तिच्या नाकाखाली व तोंडाभोवती त्वचेचा रंग स्पष्टपणे बदललेला दिसतो. चॅन्सेलरचे म्हणणे असे, की जुन्या पद्धतीने, म्हणजे खपल्यांची पूड नाकात फुंकून, तिला देवी दिल्या असाव्यात आणि त्याची ही खूण असावी. तसे असेल तर चित्राचा अर्थ उलगडतो: डावीकडे जुना उपाय आणि त्याची चेहऱ्यावरील किंमत, उजवीकडे नवा उपाय आणि दंडावर झाकता येण्याजोगी लहानशी खूण.

हा उलगडा आकर्षक आहे. मात्र आकर्षक गोष्ट अधिक काळजीने तपासावी हा इतिहासाचा नियम येथेही पाळला पाहिजे. हॉलवेलने वर्णिलेली आपल्याकडची रीत दंडावर टोचण्याची आहे. नाकात पूड फुंकणे ही रीत प्रामुख्याने चीनची म्हणून प्रसिद्ध आहे. दुसरे असे, की तोंडाभोवतीचा रंगबदल हा आपल्या देशातील स्त्रियांत अगदी सामान्य आहे. उन्हाने आणि शरीरातील रसांच्या फेरफाराने, विशेषतः गर्भारपणात, गालांवर व वरच्या ओठावर वांग येते. पुरळ किंवा मुरुमे बरी झाल्यावर सावळ्या त्वचेवर त्यांच्या जागी कित्येक महिने डाग राहतात. तोंडाभोवती कोडाचे पांढरे चट्टेही उमटतात. चित्रातील डागाचे निदान दोन शतकांनंतर रंगाच्या थरावरून करावयाचे, तर कोणताही त्वचारोगतज्ज्ञ खात्री देण्यास कचरेल. लशीसंबंधीच्या चित्रात तो डाग मुद्दाम दाखविलेला आहे, हाच चॅन्सेलरच्या बाजूचा सबळ पुरावा; आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या काळात चित्रकार चेहऱ्यावरील वण पुसून टाकीत, त्या काळात राणीच्या तोंडाभोवतीचा डाग हिकीने तसाच ठेवला. तो कोणत्याही कारणाने आलेला असो, तो ठेवण्यास काहीतरी प्रयोजन असले पाहिजे.

या चित्रामागे कंपनी सरकारचा हेतू होता हेही विसरून चालणार नाही. नव्या राज्यकर्त्यांना आपल्या राजवटीचा उपकार लोकांच्या नजरेत भरवावयाचा होता, आणि त्यासाठी म्हैसूरच्या राण्यांहून चांगला दाखला कुठे मिळणार होता? त्या मुलींना कोणी विचारले असेल का, त्यांना स्वतःला काय वाटले असेल, याचे उत्तर चित्र देत नाही. परंतु राजवाड्यातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या संमतीवाचून हे घडले असेल असे वाटत नाही. देवीने मुलगा नेलेल्या आणि नातवाचे राज्य सांभाळणाऱ्या लक्ष्मम्मण्णीने परक्यांच्या उपायाला दार उघडले असेल, तर ते परक्यांच्या स्तुतीसाठी नव्हे. तिचा विचार साधा असणार: हे घर पुन्हा रिकामे होऊ द्यावयाचे नाही. कंपनीचा हेतू आणि तिची गरज या दोन गोष्टी एका चित्रात एकत्र आल्या, एवढेच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. तिसरा कृष्णराज १८६८ पर्यंत जगला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८० साली देवीच्या लशीचा कायदा झाला आणि गावोगाव ‘देवी डॉक्टर’ फिरू लागले. मुलांना पोटाशी धरून बायका मागच्या दाराने पळत, आणि पुढल्या साथीनंतर त्याच बायका मुले घेऊन रांगेत उभ्या राहत. मे १९७५ मध्ये आपल्या देशातील देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९७७ साली सोमालियात जगातील शेवटचा नैसर्गिक रोगी नोंदला गेला, आणि ८ मे १९८० रोजी हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. मानवाने पूर्णपणे नष्ट केलेला माणसांचा हा एकच रोग आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलींच्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही, आणि तो का नाही हेही बहुतेकींना ठाऊक नाही.

म्हैसूर हे चंदनाचे गाव. तेथे १९१६ साली संस्थानने चंदनतेलाचा कारखाना काढला, आणि चंदनाचा लेप, चंदनाचा साबण ही चेहऱ्याची साधने संस्थानातून देशभर गेली. चंदनाने दाह शमतो, सुगंध येतो, मनाला बरे वाटते. पण देवीच्या एका खळग्यालाही चंदन कधी भरून काढू शकले नाही. चेहऱ्याचे रक्षण केले ते दंडावर टोचलेल्या लशीने. आजही चेहरा उजळविण्याच्या नावाखाली जी तीव्र औषधी मलमे वैद्याच्या सल्ल्यावाचून विकली आणि वापरली जातात, त्यांनी त्वचा पातळ होते, लाल होते, मुरुमे अधिक फुटतात. २०१८ साली सरकारला अशा कित्येक मलमांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक करावी लागली. वांग आले म्हणून, मुरुमे आली म्हणून जी स्त्री आरशापुढे खिन्न होते, तिला औषधाआधी योग्य माहितीची गरज असते.

म्हैसूरच्या चित्रातील एका देवाजम्मण्णीने आपला दंड दाखविला, दुसरीने आपल्या चेहऱ्याचा डाग झाकला नाही. त्या डागाचे नेमके कारण इतिहासाला कदाचित कधीच सांगता येणार नाही. परंतु त्या दोघींकडे पाहून म्हैसूरच्या ज्या आयांनी आपल्या मुली टोचणाऱ्यापुढे नेल्या, त्या मुली निष्कलंक चेहऱ्याने मोठ्या झाल्या असतील. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले नाही, तीच या चित्राची खरी फलश्रुती होय.